लॅटिनचा पदक्रम कोणाला विचारायचा?

इंग्लंडच्या उत्तर भागात, रोमन साम्राज्याच्या अगदी कडेला, विंडोलांडा नावाचं लष्करी ठाणं होतं. इसवी सन १०० च्या सुमारास मास्क्लुस नावाचा घोडदळाचा एक नायक तिथल्या वरिष्ठाला, केरियालिसला, पत्र लिहितो. पत्र म्हणजे पोस्टकार्डाएवढी पातळ लाकडी पट्टी आणि तिच्यावर शाईनं लिहिलेल्या ओळी. उद्या आम्ही काय करावं ते कळवा, असं विचारून झाल्यावर तो एकदम दुसऱ्याच विषयावर येतो: 'केर्वेसाम कोम्मिलितोनेस नोन हाबुन्त, क्वाम रोगो यूबेआस मित्ती.' केर्वेसाम म्हणजे बिअर. मराठीत हे वाक्य जवळपास त्याच क्रमानं लिहिता येतं: 'बिअर सोबत्यांकडे नाही, ती पाठवायला सांगावं ही विनंती.'

शाळेच्या व्याकरणात लॅटिनचा नियम असा दिलेला असतो: आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. मास्क्लुसच्या वाक्यात कर्म सगळ्यांच्या पुढे येऊन बसलंय. का बसलंय हे कळायला विद्वत्ता लागत नाही. इतका वेळ पत्र हुकमांबद्दल चाललं होतं, आता बिअरचं बोलायचंय, म्हणून बिअर पुढे. आपणही 'दूध मी आणलंय, साखर तेवढी तू आण' असंच म्हणतो, आणि त्यात काही वावगं केलं असं आपल्याला वाटत नाही.

तरीही भाषांची वर्गवारी करणाऱ्या तक्त्यांत, विश्वकोशांत, क्रमिक पुस्तकांत लॅटिनसमोर एकच शेरा मारलेला दिसतो: कर्ता-कर्म-क्रियापद. किंवा मग दुसरं टोक: 'लॅटिनमध्ये विभक्ती असल्यामुळे शब्द कुठेही ठेवले तरी चालतात.' मी लॅटिन शिकायला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ही दोन्ही वाक्यं मला एकाच तासाला ऐकवली गेली होती. दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत, एवढं तेव्हाही कळलं. दोन्ही वेगवेगळ्या प्रकारे चुकीची आहेत, हे कळायला बरीच वर्षं गेली.

आता हा प्रश्न वर्गापुरता उरलेला नाही. शिल्लक राहिलेलं लॅटिन झपाट्यानं संगणकात जातंय, प्रत्येक शब्दाचं वाक्यातलं नातं नोंदवलं जातंय आणि एका बटणावर टक्केवारी निघतेय. या टक्केवारीवरून भाषा कशा बदलतात याचे सिद्धांत मांडले जातात, त्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होतो. म्हणून हे स्पष्ट म्हणायला हवं: उरलेल्या मजकुरावरून लॅटिनचा पदक्रम कळतो, चांगला कळतो. पण प्रत्येक मजकुराला आधी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. तू कोणासाठी लिहिला गेलास? आणि माझ्यापर्यंत कोणाच्या हातून आलास? हे न विचारता सगळ्यांची एकत्र बेरीज केली, तर जो आकडा हाती येतो तो भाषेचा नसतो. दोन हजार वर्षं कोणाचं लिखाण जपण्यालायक मानलं गेलं, त्याचा तो आकडा असतो.

सगळ्यांत प्रसिद्ध मोजणी घ्या. १९२३ साली लिंडे नावाच्या जर्मन अभ्यासकानं निरनिराळ्या लेखकांच्या गद्यात क्रियापद वाक्याच्या शेवटी किती वेळा येतं ते मोजलं. सीझरच्या गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, युद्धावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात मुख्य वाक्यांत ८४ टक्के आणि गौण वाक्यांत ९३ टक्के. चौथ्या शतकाच्या अखेरीला पवित्र स्थळांच्या यात्रेला गेलेल्या एगेरिया नावाच्या बाईच्या प्रवासवर्णनात हेच आकडे २५ आणि ३७. चारशे-साडेचारशे वर्षांत ८४ वरून २५! क्रियापद वाक्याच्या शेवटून निघालं आणि हळूहळू मधे आलं, तिथून पुढे फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन जन्मल्या, अशी ही गोष्ट सांगितली जाते. ती ऐकायला फार सरळ वाटते. पण त्याच मोजणीत रोमन वक्ता सिसेरो याच्या राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथात मुख्य वाक्याच्या शेवटी क्रियापद येण्याचं प्रमाण जेमतेम एक तृतीयांश भरतं. सिसेरो आणि सीझर समकालीन. एकाच शहरात वावरलेले, एकाच सभागृहात बसलेले. मग काळानुसार झालेला बदल म्हणून जो दाखवला जातो, त्यातला बराचसा फरक दोन शेजाऱ्यांमध्येच आहे.

सीझर युद्धाचे अहवाल लिहीत होता. असं केलं, तिथे गेलो, तळ टाकला, वेढा दिला. कामांची साखळी, आणि प्रत्येक कडीच्या शेवटी क्रियापद. आपल्याकडच्या सरकारी पत्राची आठवण होते: 'सदर अर्ज या कार्यालयास दिनांक अमुक रोजी प्राप्त झाला आहे.' त्या पत्रात क्रियापद कधीही जागा सोडत नाही. पण तोच कारकून टेबलापलीकडच्या माणसाला 'मिळाला तुमचा अर्ज' असं सांगतो. दोन हजार वर्षांनी आपली फक्त शासकीय पत्रं उरली, तर मराठीबद्दल काय निष्कर्ष निघेल? आणि फक्त मोबाइलवरचे 'पोचलो मी', 'आणलंस का दूध?', 'येतेय गं' एवढेच निरोप उरले, तर काय निघेल?

आणि सीझरसुद्धा आकड्यात मावत नाही. त्याच्या ग्रंथाचं पहिलं वाक्य लॅटिन शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं: 'गाल्लिया एस्त ओम्निस दीवीसा इन पार्तेस त्रेस.' गॉल आहे सगळा विभागलेला भागांत तीन. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्यांचा शिरोमणी म्हणून ज्याला मिरवायचं, त्याच्या पहिल्याच वाक्याचा शेवट 'तीन' या शब्दावर होतो. त्याला कारण आहे. लगेच पुढे तो तिन्ही भागांची नावं घेतो: 'क्वारुम ऊनाम इन्कोलुन्त बेल्गाए', त्यांतल्या एकात राहतात बेल्गी. कर्म, मग क्रियापद, मग कर्ता. शाळेतला नियम इथे साफ उलटा झालाय, आणि तरी वाक्य पाण्यासारखं वाहतं, कारण आधीच्या 'तीन'ला 'त्यांतल्या एकात' हे शब्द लागूनच येतात आणि नवी माहिती, म्हणजे टोळीचं नाव, शेवटी येते. आँरी वेल या अभ्यासकानं १८४४ साली हेच सांगितलं होतं: प्राचीन भाषांत शब्दांचा क्रम विचारांच्या चालीनं जातो, ठाऊक असलेल्यापासून नव्याकडे. पुढच्या मोजणाऱ्यांनी त्याचं ऐकायला खूप वेळ लावला.

आपल्याला हे पटकन पटायला हवं, कारण मराठी अशीच आहे. 'रामाने रावणाला मारलं' यातले तीन शब्द सहा प्रकारे लावता येतात आणि सहाही वाक्यं मराठीच असतात. पण सहाही एकाच प्रश्नाचं उत्तर नसतात. 'रावणाला मारलं रामाने' हे वाक्य 'रावणाला कोणी मारलं?' या प्रश्नावर शोभतं, 'रामाने काय केलं?' या प्रश्नावर नाही. याला 'कसाही क्रम चालतो' म्हणणं म्हणजे आपल्याच कानावर अविश्वास दाखवणं आहे. लॅटिनच्या बाबतीत तसा कान उरलेला नाही, हीच अडचण आहे. त्याची भरपाई संदर्भ बारकाईनं वाचूनच करावी लागते.

क्विंटिलियन हा पहिल्या शतकाच्या अखेरचा वक्तृत्वाचा शिक्षक. तो विद्यार्थ्यांना सांगतो, की लय आड येत नसेल तर वाक्याचा शेवट क्रियापदानं करावा, ते सर्वांत उत्तम, कारण बोलण्यातला जोर क्रियापदात असतो. लॅटिनमध्ये क्रियापद शेवटी असतं याचा पुरावा म्हणून हे वाक्य नेहमी उद्धृत केलं जातं. मला ते उलट दिशेचा पुरावा वाटतं. जे सगळे लोक आपोआप करतात, त्याचा सल्ला शिक्षक कशाला देईल? कर्त्याला प्रथमा लावा असं क्विंटिलियन कुठे शिकवत बसत नाही. क्रियापद शेवटी ठेवणं ही कमावण्याची गोष्ट होती, आणि 'लय आड येत नसेल तर' ही अटही त्यानं घातली आहे. सिसेरोच्या भाषणांत वाक्याच्या शेवटी ऱ्हस्व-दीर्घांचे ठरावीक नमुने येतात. 'एस्से व्हिदेआतुर' हा शेवट तर इतका ओळखीचा झाला होता, की पुढच्या पिढीत त्याची नक्कल करणाऱ्यांना टोमणे बसत. म्हणजे सिसेरोच्या भाषणात क्रियापद शेवटी सापडलं, तर ते व्याकरणानं तिथे नेलं की लयीनं, हे आधी ठरवायला हवं. नुसत्या मोजणीत हा फरक दिसत नाही.

कवितेचं तर विचारूच नका. होरेसच्या एका कवितेची पहिली ओळ आहे: 'क्विस मुल्ता ग्राकिलिस ते पुएर इन रोझा.' शब्दाला शब्द ठेवला तर: कोणता, पुष्कळ, सडपातळ, तुला, मुलगा, गुलाबांत. म्हणजे, कोणता सडपातळ मुलगा पुष्कळ गुलाबांमध्ये तुला बिलगलाय? 'पुष्कळ' आणि 'गुलाब' एकमेकांपासून लांब ठेवलेत, त्यांच्या आत 'सडपातळ' आणि 'मुलगा', आणि बरोबर मधोमध 'तुला'. गुलाब सभोवती, मुलगा त्यांच्या आत, ती त्याच्या मिठीत. संस्कृत शिकलेल्यांना अशा ओळीची भीती वाटणार नाही. आपण अन्वय लावून मोकळे होतो. मध्ययुगातले लॅटिनचे गुरुजीही पोथ्यांमध्ये शब्दांवर अक्षरं आणि ठिपके टाकून विद्यार्थ्यांना अन्वय लावून देत. तशा खुणा असलेल्या पोथ्या आजही पाहायला मिळतात. या कवितेवरून बाजारातल्या लॅटिनचा क्रम कळणार नाही हे उघड आहे. पण ऐकणाऱ्यांना ही ओळ समजत होती, म्हणजे भाषा कुठवर ताणली तरी तुटत नव्हती, हे नक्की कळतं. तो पुरावा वेगळ्या प्रकारचा आहे, आणि तो वेगळाच ठेवला पाहिजे.

हे झालं लिहिणाऱ्यांचं. हातांचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं.

सीझरच्या गॉलवरच्या ग्रंथाच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या पोथ्या नवव्या शतकातल्या आहेत. सीझर आणि त्या पोथ्यांच्या मधे जवळपास नऊशे वर्षं, आणि नकलांमागून नकला. नकलकार एक वाक्य वाचतो, डोक्यात धरतो, मान खाली घालून लिहितो. त्या दोन क्षणांत शब्द क्वचित बदलतो, विभक्ती त्याहून क्वचित. पण दोन शब्दांची अदलाबदल सहज होऊन जाते, कारण अर्थ तोच राहतो आणि नकल तपासणाऱ्यालाही खटकत नाही. 'बोनुस व्हिर' काय आणि 'व्हिर बोनुस' काय, दोन्ही भला माणूसच. म्हणून एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या शेजारी ठेवल्या तर शब्दांच्या क्रमाचे पाठभेद पानोपानी सापडतात. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं एखादं पान ज्यानं उघडलंय, त्याला वरती थोडा श्लोक आणि खाली दाट तळटिपा हे दृश्य परिचयाचं आहे. लॅटिन ग्रंथांच्या चिकित्सित आवृत्त्याही तशाच असतात. संपादक पोथ्या तोलतो, एक पाठ वर छापतो, बाकीचे खाली उतरवतो. आणि तोलताना त्याच्या मनात 'सीझर असं लिहीत नाही' हा आडाखा असतोच. तो आडाखा बनलाय आधीच्या छापील सीझरवरून.

पुढे ग्रंथ संगणकात जातो तेव्हा बहुतेक वेळा फक्त वरचा मजकूर जातो, तळटिपा बाहेर राहतात. म्हणजे नकलेत ज्या गोष्टीला सगळ्यांत सहज धक्का बसतो, नेमकी तीच दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत मोजायची, आणि तिच्याबद्दलची शंका जिथे नोंदवलेली आहे ती जागा मोजणीआधीच कापून टाकायची. हे शास्त्र नव्हे. तळटिपा संगणकात घालणं खर्चाचं आणि किचकट काम आहे, हे मान्य. पण पदक्रमावर बोलायचं असेल तर त्याला पर्याय नाही.

शिवाय उरलं काय आणि गेलं काय, हा तर निव्वळ योगायोगाचा मामला. लिव्हीनं रोमचा इतिहास १४२ भागांत लिहिला, आपल्या हाती ३५ आहेत. सिसेरोनं आपला मित्र आत्तिकुस याला लिहिलेली पत्रं १३४५ साली पेट्रार्कला व्हेरोनात सापडली. सिसेरोच्या ज्या राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथाचा आकडा वर दिला, त्याचा बराचसा भाग व्हॅटिकनमधल्या एका कातडी पोथीत दडलेला होता. कोणीतरी तो खरवडून त्यावर संत ऑगस्टिनचं स्तोत्रांवरचं भाष्य लिहिलं होतं. खालची पुसट अक्षरं १८१९ साली आंजेलो माइ यांना दिसली. ती दिसली नसती, तर सीझरशेजारी ठेवायला तो एक तृतीयांशाचा आकडाच नसता.

एगेरियाचं पुस्तकही एकाच पोथीत उरलंय. ती अकराव्या शतकात मोंते कास्सिनोच्या मठात लिहिली गेली आणि १८८४ साली आरेत्सोत सापडली. सुरुवातीची पानं गहाळ, त्यामुळे मजकूर अर्ध्या वाटेवरच सुरू होतो: चालता चालता आम्ही एका जागी पोचलो, तिथे डोंगर उघडत होते आणि मोठी सपाट, फार सुंदर दरी करत होते, 'एत त्रान्स व्हाल्लेम आप्पारेबात मोन्स सांक्तुस देइ सिना.' आणि दरीपलीकडे दिसत होता देवाचा पवित्र डोंगर, सिनाय. क्रियापद आधी, डोंगर नंतर. हे वाक्य मोठ्यानं वाचून पाहा. दूरवरून आलेल्या बाईला पहिल्यांदा डोंगर दिसतोय आणि ती घरच्या मैत्रिणींना तो दाखवतेय. कोणताही कीर्तनकार असंच सांगेल: 'आणि समोर उभा राहिला रायगड!' अशा प्रसंगी सीझरच्या काळातला माणूसही क्रियापद पुढेच घेतो. एगेरियाच्या पुस्तकात अशी 'दिसलं', 'होतं', 'आहे' धाटणीची वाक्यं भरपूर, कारण ते प्रवासवर्णन आहे. शिवाय तिच्या कानात बायबलचं लॅटिन घुमतंय. त्या २५ टक्क्यांत किती वाटा काळाचा, किती विषयाचा, किती बायबलचा, हे वेगळं काढल्याशिवाय ८४ वरून २५ ही घसरण 'भाषेची' म्हणता येत नाही.

बायबलच्या लॅटिनबद्दल तर खुद्द भाषांतरकारानंच सावध करून ठेवलंय. जेरोमनं इसवी सन ३९५ च्या सुमाराला एका पत्रात लिहिलं, की एरवी मी शब्दाला शब्द न लावता अर्थाला अर्थ लावतो, पण पवित्र ग्रंथाची गोष्ट वेगळी, कारण तिथे 'शब्दांचा क्रमसुद्धा गूढ आहे'. त्याच्या भाषांतराचं पहिलंच वाक्य पाहा: 'इन प्रिन्किपिओ क्रेआवित देउस काएलुम एत तेर्राम.' आरंभी निर्माण केलं देवानं आकाश आणि पृथ्वी. क्रियापद कर्त्याच्या आधी, कारण मूळ हिब्रू वाक्यात तसं आहे. शुभवर्तमानांचा क्रम असाच ग्रीकच्या पावलावर पाऊल टाकत जातो. तरीही लॅटिनच्या इतिहासावरच्या कितीतरी मोजण्यांत हे भाषांतर मोठा वाटा उचलतं, कारण ते लांबलचक आहे, सहज मिळतं आणि मूळ ग्रीकशी ओळ-ओळ जुळवता येतं. भाषांतराचा अभ्यास करायला ते उत्तम आहे. लॅटिन बोलणारा माणूस आपण होऊन शब्द कसे लावत होता, हे त्याला विचारू नये.

याच्या उलट, नकलकाराच्या हातून न गेलेला मजकूर म्हणजे भिंतीवरचा, दगडावरचा, लाकडावरचा, पपायरसवरचा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईतल्या एका खानावळीच्या भिंतीवर कोणीतरी खरडलंय: 'सुक्केस्सुस तेक्स्तोर आमात कोपोनिआएस आन्किल्ला नोमिने हिरेदेम.' सुक्केस्सुस विणकराचं प्रेम आहे खानावळवालीच्या दासीवर, हिरीस नावाच्या. क्रियापद मधे, कर्म नंतर. मग लगेच: 'क्वाए क्विदेम इल्लुम नोन कुरात', जी तर त्याला विचारत नाही. इथे क्रियापद शेवटी. आणि अखेरीला: 'स्क्रीबित रीवालिस. वाले.' लिहिणार त्याचा प्रतिस्पर्धी. राम राम. इथे क्रियापद सुरुवातीला. एका माणसाच्या एका खरडीत क्रियापदाच्या तिन्ही जागा आल्या, आणि तिन्ही जागी ते शोभतंय. गौण वाक्यात शेवटी, नाव जाहीर करताना सुरुवातीला. मला हा एक मजकूर दहा टक्केवाऱ्यांपेक्षा जास्त शिकवून गेला.

पण म्हणून 'हेच खरं लॅटिन, बाकी सगळा बनाव' असं म्हणायला मी तयार नाही. असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा उत्साह मला समजतो. तरी 'अमक्याचं तमकीवर प्रेम' हा भिंतीवरचा ठरलेला साचा होता. आजच्या बसच्या पाठीवरच्या बदामाएवढाच ठरलेला. विंडोलांडाच्या ठाण्यातले बतावी शिपाई ऱ्हाइनच्या मुखाकडचे, त्यांची घरची भाषा लॅटिन नव्हतीच. इजिप्तमध्ये दुसऱ्या शतकात बापाला पत्रं धाडणारा सैनिक क्लाउदियुस तेरेन्तियानुस घ्या. त्याची पत्रं मिशिगन विद्यापीठात आहेत, आणि जे. एन. अ‍ॅडम्स यांनी १९७७ साली दाखवलं, की तो कर्म क्रियापदानंतर ठेवण्याकडे झुकतो. हा एगेरियाच्या पावणेतीनशे वर्षं आधीचा माणूस, त्यामुळे शोध मोलाचा आहे. पण तेरेन्तियानुस ग्रीकमध्येही पत्रं लिहीत असे. म्हणजे दोन प्रश्न त्यालाही विचारायचेच, सवलत नाही.

यावर काही जण हात झटकतात. बोलणारा कोणी उरलेला नाही, चूक-बरोबर सांगणारा नाही, मग पदक्रमावर बोलूच नये, ती शैलीची बाब म्हणून सोडून द्यावी. हा निराशावाद मला अजिबात मान्य नाही, कारण काही गोष्टी सगळ्या प्रकारच्या मजकुरांत सारख्याच निघतात आणि तिथे शंकेला जागा राहत नाही. 'आणि' या अर्थाचा '-क्वे' नेहमी मागच्या शब्दाला चिकटतो: सेनातुस पोपुलुसक्वे रोमानुस. 'आउतेम' म्हणजे 'मात्र', तो वाक्याच्या तोंडाशी येत नाही, दुसऱ्या जागी येतो. आपला 'मात्र' तरी कुठे वाक्याच्या सुरुवातीला सहज बसतो? अशा हलक्या शब्दांची दुसरी जागा ठरलेली असते, हे वाकरनागेल यांनी १८९२ साली मांडलं आणि ते लॅटिनपुरतं मर्यादित नव्हतं. शब्दयोगी अव्यय नामाआधी येतं, पण विशेषण त्याच्याही पुढे उडी घेऊ शकतं: 'सुम्मा कुम लाउदे' हे पदवीच्या कागदावर आपणही वाचतो. हा क्रम शैली नव्हे, व्याकरण आहे, आणि तो उरलेल्या मजकुरावरूनच कळला.

दुसरी साक्ष लॅटिनच्या मुलींची. स्पॅनिशमध्ये 'आमो आ मारिया', प्रेम करतो मारियावर, क्रियापद आधी. पण सर्वनाम आलं की 'ते आमो', तुझ्यावर आधी आणि क्रियापद नंतर, अगदी लॅटिनसारखं. फ्रेंच आणि इटालियनमध्येही अशीच वाटणी आहे. तिन्ही बहिणी एकाच जागी एकच खोड काढत असतील, तर ती आईकडूनच आलेली असणार. त्यामुळे उत्तरकाळच्या बोलीत नाम क्रियापदामागे सरकलं होतं आणि हलकं सर्वनाम पुढेच राहिलं होतं, हे ग्रंथांवाचूनही समजतं. इटलीत ९६० साली जमिनीच्या एका दाव्यात साक्षीदाराचं म्हणणं लॅटिन निकालपत्रात त्याच्याच बोलीत उतरवून घेतलंय: 'साओ को केल्ले तेर्रे... त्रेन्ता आन्नी ले पोस्सेत्ते पार्ते सांक्ति बेनेदिक्ती.' मला ठाऊक आहे की त्या जमिनी, तीस वर्षं त्यांची वहिवाट केली संत बेनेडिक्टच्या मठानं. जमिनी पुढे, मग त्यांच्यासाठी छोटं 'ले', मग क्रियापद, आणि कर्ता शेवटी. कज्जा मोंते कास्सिनोच्याच मठाचा, जिथे पुढच्या शतकात एगेरियाची पोथी लिहिली जाणार होती.

म्हणून माझा आग्रह संगणकाविरुद्ध नाही, बेरजेविरुद्ध आहे. फादर रोबेर्तो बुझा यांनी १९४९ मध्ये आयबीएमच्या मदतीनं थॉमस अक्वायनसच्या ग्रंथांची शब्दसूची हाती घेतली, एक कोटीहून अधिक शब्दांची. त्या कामाशिवाय आजचं काहीच झालं नसतं. पण अक्वायनस तेराव्या शतकातला. लॅटिन त्याची विद्येची भाषा होती, आईची नव्हे. त्याचे शब्द आणि मास्क्लुसचे मूठभर शब्द एकाच परडीत टाकले, तर मास्क्लुस वजनात भरणारच नाही. मिलान, ऑस्लो आणि बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात वाक्यरचनेच्या नोंदींचे जे संग्रह झालेत, त्यांत लेखकवार निवड करता येते, हे त्यांचं मोठं पुण्य. तेवढं पुरेसं नाही. हा मजकूर नकलेतून आला की थेट, भाषांतर आहे की नाही, लयबद्ध आहे की नाही, लिहिणाऱ्याला आणखी कोणती भाषा येत होती, आणि या वाक्याच्या क्रमाबद्दल पोथ्यांचं एकमत आहे का, या नोंदी प्रत्येक वाक्याला चिकटलेल्या हव्यात. आणि पैसा वाटताना सीझरची विसावी मोजणी करण्याआधी शिलालेख आणि पट्ट्या वाचण्याकडे तो वळवावा. मॉमसेननं १८५३ मध्ये सुरू केलेल्या शिलालेखसंग्रहात सुमारे १ लाख ८० हजार लेख आहेत. त्यांच्या वाक्यरचनेच्या नोंदी सीझरच्या तुलनेत कितीतरी मागे आहेत.

याच्याशी आपलं एक जुनं नातं आहे, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्याला आपण 'ख्रिस्तपुराणा'चा कवी म्हणून ओळखतो, तो फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. १५८३ च्या ऑक्टोबरात त्यानं भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं, आणि त्यात इथल्या भाषांची रचना लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे, वाक्प्रचार आणि वाक्यरचना तर थक्क करणारी आहे, असं नोंदवलं. युरोपातल्या विद्वानांना हे नातं पद्धतशीर कळायला अजून दोनशे वर्षं होती. ज्याच्या कानात सिसेरो भिनलेला होता, त्याला मराठी-कोकणी ऐकून ओळखीचं काही सापडलं. विभक्ती, आणि बहुधा वाक्याच्या शेवटी येऊन बसणारं क्रियापदही. पुढे त्यानं सुमारे ११ हजार ओव्यांचं पुराण लिहिलं, ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. त्या छापील प्रती आज हाती नाहीत. आपण वाचतो ते हस्तलिखितांवरून आलेलं. त्या ओव्यांवरून सतराव्या शतकातल्या साष्टीच्या मराठीचा पदक्रम कोणी सांगू लागला, तर ओवीचं यमक, नकलकार आणि स्टीफन्सचं लॅटिन, तिघांनाही आधी साक्षीला बोलवावं लागेल.

विंडोलांडाचं उत्खनन अजून चालू आहे. तिथल्या ओल्या, हवा न पोचणाऱ्या मातीत लाकूड कुजत नाही. १९७३ साली पहिल्या पट्ट्या निघाल्या. तिथल्या पट्ट्यांच्या खजिन्यात क्लाउदिया सेवेरा नावाच्या बाईनं केरियालिसच्या बायकोला, सुल्पिकिया लेपिदिनाला, वाढदिवसाला बोलावल्याचं पत्रही आहे. मजकूर लेखनिकाच्या हातचा, सराईत: 'रोगो लिबेन्तेर फाकियास उत वेनियास आद नोस', विनंती आहे, आनंदानं असं कर की येशील आमच्याकडे. 'आमच्याकडे' शेवटी, क्रियापदाच्याही नंतर. खाली वेगळ्या, जरा ओबडधोबड अक्षरात तिनं स्वतः लिहिलंय: 'स्पेराबो ते सोरोर.' वाट पाहीन तुझी, ताई. त्या एका पत्रात दोन हात आहेत, आणि कोणता शब्द कोणत्या हाताचा ते डोळ्यांनी दिसतं.

२०१७ च्या जूनमध्ये तिथे आणखी २५ पट्ट्या सापडल्या. त्यांतली एक मास्क्लुसची होती. बिअर मागणाऱ्या त्याच मास्क्लुसची, या खेपेला त्याला रजा हवी होती.